परत येणाऱ्याचे घर

आपल्याकडे घरातला माणूस लांबच्या प्रवासाला निघाला, की त्याच्या हातावर दही ठेवतात. देवापुढे नारळ ठेवतात, बरोबर लाडू-चिवड्याचा डबा देतात, आणि ‘जातो’ म्हणू देत नाहीत. ‘येतो’ म्हणायला लावतात. तो परत आला, की दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात. इतके झाले, की परत येण्याचा विधी संपला. माणूस उंबरठ्याच्या आत आला म्हणजे घरी आला, अशी आपली साधी समजूत असते. आज मला बोलायचे आहे ते या समजुतीविषयी. उंबरठा ओलांडल्यावरही खऱ्या अर्थाने घरी पोहोचायला कित्येकांना बरेच महिने लागतात. आणि त्या काळात आपल्याला काय होते आहे हे ना त्यांना कळत, ना घरच्यांना.

परत येणारी माणसे अनेक तऱ्हेची असतात. परदेशातली नोकरी संपवून येणारा असतो, शिक्षण पुरे करून येणारी असते, लेकाच्या संसारात सहा महिने राहून आलेली आजी असते. या सगळ्यांना थोडेफार चुकल्याचुकल्यासारखे होतेच. पण माझ्या डोळ्यांपुढे आहेत ती माणसे वेगळी. परक्या देशातल्या मुलांना शिकवायला किंवा त्यांची शुश्रूषा करायला जी आपखुशीने गेली, वर्ष-दोन वर्षे त्या मुलांत राहिली, आणि ठरल्या दिवशी सामान बांधून घरी आली, त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर मी म्हणतो ते तुम्हांला चटकन पटेल. आणि तुम्ही स्वतःच असे परत आलेले असाल, तर हे भाषण मुख्यतः तुमच्यासाठीच आहे, असे समजा.

हा अनुभव आपल्या समाजाला अगदीच अपरिचित आहे, असे मात्र नाही. माहेरवाशिणीला विचारा. लग्नानंतर पहिल्या सणाला मुलगी माहेरी येते. जिथे तिचा परकर लटकत असे, त्या खुंटीवर आता भावाचा सदरा असतो. फडताळातला तिचा कप्पा धाकटीने घेतलेला असतो. स्वयंपाकघरात हात लावायला गेली, तर गुळाचा डबा नेहमीच्या जागी सापडत नाही. ‘‘अगं, तू बस. चार दिवस आली आहेस, आराम कर,’’ असे आई म्हणते. शब्द मायेचेच असतात. पण ते ऐकून तिच्या पोटात कालवते. आपण या घरात पाहुण्या झालो, हे तिला त्या एका वाक्यात कळते. मात्र माहेरवाशिणीच्या या दुःखाला आपल्याकडे ओव्या आहेत, जात्यावरची गाणी आहेत. परदेशातल्या मुलांत राहून आलेल्याच्या दुःखाला आपल्याकडे अजून धड नावही नाही.

नाव नसले, तरी त्याचा इतिहास आहे. १ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी एका हुकुमाने ‘पीस कोअर’ म्हणजे शांतिदल स्थापन केले. अमेरिकेतल्या तरुणांनी दोन वर्षे परक्या देशात जाऊन, तिथली भाषा शिकून, तिथल्यासारखे राहून काम करावे, अशी ती कल्पना. त्याच वर्षी ३० ऑगस्टला ५१ जणांची पहिली तुकडी घानाच्या राजधानीत, अक्रा येथे उतरली. हे सारे शाळाशिक्षक म्हणून आलेले होते. विमानातून उतरल्यावर त्यांनी तिथल्या त्वी भाषेत गाणे म्हटले. पुढेही या दलातल्या स्वयंसेवकांचा सर्वांत मोठा वाटा मुलांना शिकवण्याच्याच कामी लागला. आपल्या देशातही हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत येत राहिले.

या योजनेच्या राजकारणाविषयी मतभेद आहेत आणि ते असू देत. मला तिच्यातल्या दोन बारीक गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. पहिली अशी, की स्वयंसेवकाला परदेशात जेमतेम पोटापुरते मिळे. पण सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे सुरुवातीच्या काळात ७५ डॉलर त्याच्या नावावर बाजूला ठेवले जात आणि ते तो घरी परतताना त्याला मिळत. दोन वर्षांचे झाले १८०० डॉलर. ही सेवेची मजुरी नव्हती. घरी परत गेल्यावर पुन्हा घडी बसेपर्यंतची ती बेगमी होती. दुसरी गोष्ट, दलाची तीन उद्दिष्टे कायद्यातच लिहिलेली आहेत. परक्या देशाला हवी ती मदत करणे हे पहिले, आणि त्या लोकांना अमेरिकन माणसाची ओळख व्हावी हे दुसरे. तिसरे उद्दिष्ट असे, की अमेरिकेतल्या लोकांना इतर देशांतल्या माणसांची समज यावी. हे तिसरे काम परदेशात होऊच शकत नाही! ते घरी परत आल्यावरच सुरू होते. म्हणजे परत येणे हा सेवेचा शेवट नसून तिचा एक भाग आहे, हे त्या कायद्याने धरून चालले होते.

कायद्याने धरले, तरी माणसांना ते सोपे गेले नाही. मार्च १९६५ मध्ये वॉशिंग्टनला परत आलेल्या स्वयंसेवकांची मोठी परिषद भरली. सुमारे हजारभर माणसे जमली होती. परत आल्यावर आपण आपल्या समाजात कसे राहायचे आणि काय करायचे, हाच तिथला विषय होता. विचार करा. आफ्रिकेतल्या खेड्यात, दिव्याच्या उजेडात, परक्या भाषेत ज्यांनी शाळा चालवल्या, त्यांना आपल्याच गावात कसे वागावे याचा खल करावा लागला.

असे का व्हावे? याचा शोध विद्वानांनी घेतलेला आहे. १९५५ मध्ये स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने, शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियनांच्या मुलाखतींवरून एक गोष्ट दाखवून दिली. परक्या देशात गेलेल्या माणसाचे मन सुरुवातीला वर असते. आपल्याकडे म्हणतातच, नव्याचे नऊ दिवस. मग ते खाली जाते, आणि काही महिन्यांनी पुन्हा हळूहळू वर येते. कागदावर रेघ काढली, तर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी दिसते. पुढे १९६३ मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न या अमेरिकन पतिपत्नींनी त्या रेघेला आणखी एक वळण जोडले. घरी परतल्यावर हाच खेळ पुन्हा होतो, असे त्यांनी दाखवले. पहिले काही दिवस आनंदाचे, मग दुसरी घसरण, आणि मग सावरणे. ‘यू’चा ‘डब्ल्यू’ झाला. ज्याला वाटते की आपल्यालाच काहीतरी झाले आहे, आपलेच मन कमकुवत आहे, त्याने ही रेघ लक्षात ठेवावी. घसरण आहे, पण तिच्या पलीकडे चढणही आहे.

याहून खोल विचार आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मधल्या एका निबंधात मांडला आहे. हे मूळचे व्हिएन्नाचे तत्त्वज्ञ. महायुद्ध संपत आले होते आणि लाखो सैनिक घरी परतायचे होते, त्या काळी त्यांनी ‘घरी परतणारा माणूस’ या विषयावर लिहिले. निबंधाची सुरुवात त्यांनी ग्रीक पुराणातल्या ओडिसियसच्या गोष्टीने केली आहे. वीस वर्षांनी हा वीर आपल्या बेटावर पोहोचतो, झोपेतून जागा होतो, आणि त्याला आपली स्वतःची भूमीच ओळखू येत नाही! शुट्झ यांचे म्हणणे थोडक्यात असे. परक्या मुलखात जाणाऱ्याला माहीत असते, की तिथले सारे आपल्याला शिकावे लागणार. घरी येणाऱ्याची मात्र खात्री असते, की आपल्याला सगळे ठाऊकच आहे. फसगत होते ती या खात्रीमुळे. त्याच्या मनातले घर तो निघाला त्या दिवशी जसे होते तसेच थांबलेले असते. खरे घर मात्र रोज थोडे थोडे पुढे गेलेले असते. आणि तोही पुढे गेलेला असतो, हे घरच्यांना दिसत नाही.

पत्रांतून, हल्ली फोनवरून, कळवले जाते ते मोठे मोठे. बाळ झाले, बदली झाली, घराला रंग दिला. पण आईला आता जिना चढताना दम लागतो, वडील संध्याकाळी पूर्वीसारखे बोलत नाहीत, धाकट्या भावाला आपले मत विचारल्याशिवाय घरातला निर्णय होत नाही, हे कोणी कळवत नाही. ते घरात राहूनच कळते. तेव्हा परत आलेल्या माणसाने पहिली गोष्ट करायची ती ही, की परदेशात गेल्यावर पहिल्या महिन्यात जसे डोळे उघडे ठेवून, कमी बोलून, विचारून विचारून शिकलो, तसेच आता घर शिकायचे. त्यात कमीपणा नाही.

आता मुलांकडे येऊ. कचेरीत काम करणारा माणूस काम सोडतो, तेव्हा मागे टेबल आणि खुर्ची राहते. मुलांत काम करणाऱ्याचे तसे नसते. त्याचा दिवस कसा जात असे, ते आठवा. सकाळी उठायच्या आत दाराशी चार डोकी हजर. कोणाचे गुडघे फुटले आहेत, कोणाची पेन्सिल हरवली आहे, कोणाला नुसतेच हात धरून उभे राहायचे आहे. दिवसातून शंभर वेळा आपल्या नावाची हाक येते, तीही मोडक्यातोडक्या, गोड उच्चारात. रात्री पाठ टेकली, की अंग दुखते. पण आपण कशासाठी जागलो हा प्रश्न पडत नाही. आणि मग माणूस घरी येतो. मोठी, स्वच्छ खोली असते. सकाळ होते, दुपार होते, कोणी हाक मारीत नाही. आपण तिथे देत होतो असे त्याला वाटत होते. आपल्याला तिथे काय मिळत होते, ते त्याला आत्ता उमगते. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव मोठी विलक्षण चीज आहे. ती सुटली, की अन्न गोड लागत नाही.

त्यात रागाची भर पडते. लग्नाच्या पंगतीत पानात टाकलेली जिलेबी पाहून तो अस्वस्थ होतो. नळ उघडा राहिला, तर ओरडतो. भाच्याने अर्धी कोरी वही फेकून दिली, तर ती उचलून त्याला पाच मिनिटे व्याख्यान देतो. घरचे एक दिवस ऐकतात, दोन दिवस ऐकतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणते, ‘‘आपल्याकडं काय गरीब मुलं नव्हती? त्यासाठी एवढ्या लांब जायची काय गरज होती?’’ हा टोमणा असतो. पण त्यात एक खरा प्रश्न दडलेला असतो. त्याकडे मी पुढे येणार आहे.

त्याआधी मला तुम्हांला या गोष्टीची दुसरी बाजू दाखवायची आहे. परत आलेल्याच्या दुःखाविषयी आपण इतका वेळ बोललो. मागे राहिलेल्या मुलाचे काय? तुम्ही एकदा निरोप घेतलात. त्या मुलाने तुमच्याआधी किती जणांचे निरोप घेतले होते?

इंग्लंडात जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने इस्पितळात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट तयार केला. आईपासून तुटलेले मूल आधी रडून आकांत करते, मग खिन्न होऊन गप्प बसते, आणि मग शहाण्यासारखे वागू लागते. डॉक्टर-नर्सना वाटे, की मूल रुळले. रॉबर्टसन यांनी दाखवले, की ते रुळलेले नसते. त्याने आशा सोडलेली असते. त्यांचे सहकारी डॉ. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालातही हेच सांगितले होते, की लहान मुलाला अन्नाइतकीच गरज असते ती एका कायमच्या मायेच्या माणसाची. पुढे बार्बरा टिझर्ड यांनी इंग्लंडातल्या बालगृहांत वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. मूल चार वर्षांचे होईपर्यंत, निदान आठवडाभर तरी त्याला सांभाळलेली माणसे त्यांनी मोजली. ती सरासरी ५० निघाली. चार वर्षांच्या जिवाची पन्नास माणसे! अशा मुलांपैकी काही जण कोणाही अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी येऊन बिलगत. पाहुण्याला वाटते, किती प्रेमळ लेकरू! जाणत्याला त्या मिठीत काहीतरी हरवलेले दिसते.

ही गोष्ट आता जगाच्या कानांपर्यंत गेली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयी जो ठराव केला, त्यात अनाथालयांत हौसेने काही दिवस सेवा करायला येणाऱ्यांमुळे मुलांना होणाऱ्या अपायाचाही उल्लेख आहे. हे मी तुमचे मन दुखवायला सांगत नाही. शाळेत दोन वर्षे गणित शिकवणे आणि दोन आठवडे बाळांना खेळवून येणे यांत पुष्कळ अंतर आहे. पण तुम्ही दोन वर्षांचे असा वा दोन आठवड्यांचे, त्या मुलाच्या हिशेबी तुम्ही येऊन गेलेले माणूस आहात. घरी परतल्यावर मन कशात लागत नाही, तेव्हा हा हिशेब समोर ठेवा. आपले दुःख कमी होत नाही, पण त्याला दिशा मिळते. ‘माझं कसं होणार?’ या प्रश्नातून माणूस ‘त्या मुलाचं जे माझ्याकडं राहिलं आहे, ते मी कसं फेडू?’ या प्रश्नाकडे वळतो.

निरोप न घेता परत यावे लागले तर काय होते, याचे मोठे उदाहरण नुकतेच घडून गेले आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पीस कोअरने जगभरातले आपले सगळे स्वयंसेवक माघारी बोलावले. साठाहून अधिक देशांतले सुमारे ७००० लोक काही दिवसांच्या आत मायदेशी पोहोचले. दलाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. कित्येकांना वर्गातल्या मुलांना सांगताही आले नाही, की आम्ही चाललो. घरी आले ते सरळ अलग खोलीत. आईला मिठी मारायचीही चोरी. पुन्हा स्वयंसेवक पाठवायला सुरुवात झाली ती मार्च २०२२ मध्ये. दोन वर्षे मधे गेली. शाळेतल्या मुलाचे दोन वर्षांत केवढे बदलते! तेव्हा ज्यांना नीट निरोप घ्यायला मिळतो ते भाग्यवान, असेच म्हटले पाहिजे.

मग करायचे काय? मी चार गोष्टी सुचवतो. त्या साध्या आहेत.

पहिली मुलांविषयी. ‘मी पुन्हा येईन’ असे मुलांना सांगू नका. खरोखरच जायचे ठरले असेल, तरच सांगा. मूल तारखा विसरते, पण वाट पाहायचे विसरत नाही. त्याऐवजी लहानसे वचन द्या आणि ते पाळा. वर्षातून दोन पत्रे, तीही शाळेच्या शिक्षकांमार्फत, साऱ्या वर्गाला मिळून. आठवड्याला पत्र लिहीन म्हणून तीन महिन्यांत थांबण्यापेक्षा हे कितीतरी बरे. आणखी एक. त्या मुलांची छायाचित्रे आल्यागेल्याला दाखवत बसू नका, गावभर पाठवू नका. फाटक्या सदऱ्यातले आपले चित्र चार अनोळखी लोकांनी पाहावे, असे आपल्याला तरी आवडेल का?

दुसरी गोष्ट बोलण्याविषयी. परत आलेल्याची तक्रार असते, की कोणी ऐकून घेत नाही. खरे आहे. पण सगळ्यांनी सगळे ऐकावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यासाठी दोन वाक्ये तयार ठेवावीत. जेवताना घरच्यांना एका मुलाची एखादी गोष्ट सांगावी, तीही हसवणारी असली तर उत्तम. आणि ज्याच्यापाशी सगळे बोलता येईल, रडताही येईल, असे एक माणूस शोधावे. असाच कुठून तरी परत आलेला कोणी भेटला, तर सोन्याहून पिवळे. त्याला फार सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट, पहिले दोन-तीन महिने घरातल्या कोणाला सुधारायला जाऊ नका. नळ तुम्ही बंद करा. पानात तुम्ही टाकू नका. पाहणारे पाहतात. व्याख्यानाने जे होत नाही, ते शेजारी बसून जेवणाऱ्याच्या निव्वळ सवयीने होते. आणि घरच्यांचेही एक ऋण आहे, हे विसरू नका. तुम्ही दूरच्या मुलांची सेवा करीत होतात, तेव्हा आजोबांना इस्पितळात नेण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी केले. त्याचे फोटो कोणी काढले नाहीत.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि मघाच्या टोमण्याचे उत्तर तीतच आहे. आपल्याकडे गरीब मुले नव्हती का? होती. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी होती, पुलाखाली होती, आपल्याच इमारतीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत होती. आपल्याला दिसत नव्हती, कारण सवयीने डोळा बोथट होतो. लांब जाऊन आलेल्याला तो डोळा परत मिळालेला असतो. हीच त्याची खरी कमाई. ती थोडे दिवसच टिकते, बरे का! वर्षभरात सवय पुन्हा पापण्यांवर बसते. तेवढ्यात घराजवळचे एक ठिकाण निवडा. नगरपालिकेची शाळा असेल, वस्तीतली अंगणवाडी असेल, सार्वजनिक वाचनालयातला मुलांचा कोपरा असेल. आठवड्यातला एक वार ठरवा, आणि तो वार पाऊस असो, परीक्षा असो, पाहुणे असोत, चुकवू नका. तिथे कायम असणाऱ्या बाईंच्या हाताखाली काम करा. त्या मुलांचे माणूस त्याच आहेत, आपण मदतनीस. परदेशात तुम्ही कितीही जीव लावला, तरी तुम्हांला एक गोष्ट देता आली नाही, ती म्हणजे न जाणे. ती इथे देता येते. दर गुरुवारी येणारे माणूस पुढच्या गुरुवारीही येते, हे एखाद्या मुलाला दोन वर्षांनी खात्रीने वाटू लागले, तर तुमचे तिकडचे राहिलेले काम इकडे पुरे झाले, असे समजा.

आता दोन शब्द घरच्यांना. परत आलेल्याला ‘कसं होतं तिथं?’ असे विचारू नका. दोन वर्षांचे उत्तर एका प्रश्नात मावत नाही. तो ‘छान होतं’ म्हणतो आणि गप्प होतो. ‘सकाळी खायला काय असायचं?’ असे विचारा. ‘वर्गात सगळ्यांत द्वाड पोर कोण होतं?’ असे विचारा, आणि मग थांबा. ‘झालं ते झालं, आता नोकरीचं बघ, लग्नाचं बघ,’ हे आल्या आठवड्यात म्हणू नका. नोकरी, लग्न कुठे पळून जात नाहीत. आणि त्याला पाहुण्यासारखे वागवू नका. आठ दिवस कौतुक पुरे. मग सांगा, ‘‘भाजी तू आणत जा,’’ ‘‘आजोबांच्या गोळ्यांचं तू बघ.’’ माहेरवाशिणीला ‘तू बस’ म्हणण्यापेक्षा ‘एवढं खोबरं खवून दे गं’ म्हटले, की ती खुलते. घरात आपल्या वाटणीचे काम असणे, यालाच तर घरचे असणे म्हणतात.

हे सारे तरुणांनाच लागू आहे असे समजू नका. मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत १९६६ ते १९६८ या काळात पीस कोअरच्या एक अमेरिकन परिचारिका काम करीत होत्या. आल्या तेव्हा त्यांचे वय होते ६८. त्यांचे नाव लिलियन कार्टर. दवाखान्यातले काम करता करता त्यांनी वसाहतीतल्या एका माळ्याच्या लहान मुलीला लिहायला-वाचायला शिकवले. सत्तरी गाठून त्या आपल्या जॉर्जिया राज्यातल्या छोट्या गावी परतल्या. आरामखुर्चीत बसून राहण्याचे वय. पण त्या बसल्या नाहीत. विक्रोळीत पाहिलेले, केलेले त्या ठिकठिकाणी जाऊन लोकांना सांगत राहिल्या. पुढे १९७७ मध्ये त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी भारतातून घरी धाडलेली पत्रे पुस्तकरूपाने निघाली. मला त्यांच्यातले मोठेपण दिसते ते अध्यक्षांची आई म्हणून नव्हे. कायद्यातले ते तिसरे उद्दिष्ट, परत आल्यानंतरचे काम, त्यांनी सत्तरीनंतर मनावर घेतले, यात ते आहे.

तुमच्याजवळ भाषणे द्यायला व्यासपीठ नसेल. त्याची गरजही नाही. तुम्ही जिथे होतात तिथले एखादे मूल आज थोडे वाचू शकते, कोणाला पाढे येतात, कोणाची जखम भरून आली आहे. ते मूल तुम्हांला विसरेल, मुलांनी विसरावेच. तुम्ही मात्र विसरू नका, आणि त्या आठवणीला कपाटात कोंडूनही ठेवू नका. तुमच्या गल्लीत संध्याकाळी दिव्याखाली बसून कोणीतरी पोर अभ्यास करीत असेल. उद्या जाता जाता त्याच्यापाशी दोन मिनिटे थांबा, आणि कुठे अडले आहे, ते विचारा.